सव्वा अंश उजवीकडे

मी एक जुना पोलॅरिमीटर आहे. नाव ऐकून पळू नका मित्रांनो, बारशाला मी तरी कुठे शुद्धीवर होतो! दिसायला मी तोफेसारखा. हातभर लांब पितळी नळी, खाली ओतीव लोखंडाचा पाय, एका टोकाला डोळा लावायचं भिंग आणि त्याच्यामागे गोल चकती, तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा. पण माझ्यातून गोळा सुटत नाही. पोटात काचेची नळी ठेवायची, नळीत पातळ काहीतरी भरायचं, पलीकडे दिवा लावायचा आणि अलीकडून बघायचं. दिव्याचा उजेड त्या पातळातून येताना डावीकडे वळला की उजवीकडे वळला, आणि किती वळला, एवढंच मी सांगतो. तीस वर्षं हेच केलं. बढती नाही, बदली दोनदा.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. मला फारसं काही वाटत नाही. पितळ आहे मी. हार घातला तरी तेवढाच थंड आणि धूळ बसली तरी तेवढाच. त्यामुळे ही गोष्ट ऐकताना तुम्हाला हसू आलं तर तुम्ही हसा, रडू आलं तर तेही तुमचंच. माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म जर्मनीतला, साल १९०६. बोटीनं मुंबई, आगगाडीनं चाळीसगाव, तिथे गाडी बदलून धुळं. धुळ्याजवळ पांझरेच्या काठी साखरेचा एक लहानसा कारखाना निघाला होता, त्यांनी मला मागवलं. साखर किती चोख आहे ते मी एका नजरेत सांगतो. साखरेचं पाणी उजेडाला उजवीकडे वळवतं, जेवढी साखर जास्त तेवढं जास्त. बारा वर्षं माझ्या पोटातून साखरच गेली. सकाळी साखर, दुपारी साखर. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग ऊस मिळेना आणि कारखाना बुडाला. मला धुळ्यातल्या एका कापसाच्या प्रेसमध्ये नेऊन ठेवलं. तिथले मुनीमजी मला काय समजले कोण जाणे, पण रोज सकाळी येऊन ते आपली टोपी माझ्या तोंडावर अडकवायचे. नऊ वर्षं मी खुंटी होतो. वाईट वाटलं का? सांगितलं ना, पितळ.

१९२८ साली तिथे एक तिशीचा माणूस आला. जाड चष्मा, आखूड कोट, कोटाच्या खिशात केळी. नाव तोताराम गिरधर चौधरी. यावलकडच्या केळीवाल्या घरातला, रसायनशास्त्र शिकून अमळनेरच्या एका तेलाच्या गिरणीत केमिस्ट म्हणून लागलेला. त्यानं मुनीमजींची टोपी उचलली, खाली मला बघितलं, आणि टोपी तशीच हातात धरून उभा राहिला.

"अहो, ही खुंटी द्याल का मला?"

"न्या," मुनीमजी म्हणाले, "पण दुसरी खुंटी ठोकून द्या आधी."

त्यानं खरंच भिंतीत खुंटी ठोकून दिली आणि मला गोणपाटात गुंडाळून अमळनेरला आणलं.

गिरणीच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिच्या कोपऱ्यात काळा पडदा लावून भरदिवसा काळोख केला होता, कारण माझं काम अंधारातच चालतं. तिथे मला मांडत असताना प्रयोगशाळेचा शिपाई आला. चुडामण आबा. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, तळहातावर कायम तमाखू-चुना. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला,

"साहेब, तोफ शे का दुरबीन?"

"दोन्ही नाही, आबा. हा उजेडाचा काटा."

"तोफच शे. गोळा कोठून टाकतस?"

त्या दिवसापासून मी तोफ झालो. आबा रोज मला पुसायचा, भिंगावर फुंकर घालायचा, दिव्यात मीठ टाकायचा. माझ्या दिव्याला मीठ लागतं, त्याशिवाय पिवळा उजेड पडत नाही. त्या पिवळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे मेलेल्या माणसासारखे दिसतात. मला ते बरे वाटतात. सगळे सारखे.

आता तोतारामाला काय पाहिजे होतं ते सांगतो. कठीण आहे, पण त्याचे वडील गिरधरनाना एकदा खोलीत येऊन बसले होते, त्यांना त्यानं जसं सांगितलं तसंच सांगतो, म्हणजे कळेल.

"नाना, आपल्या बैलजोडीत राजा कुठल्या बाजूचा?"

"डाव्या. उजवीला जुंपला तर पाऊल उचलत नाही."

"तसंच काही पदार्थांचं असतं. सगळं सारखं, फक्त एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. पुदिन्याचे थंडगार खडे असतात ना, ते उजेडाला डावीकडे ओढतात. साखर उजवीकडे. झाडापाल्यात, जनावरात असं एका बाजूचंच तयार होतं. पण मी इथे काचेच्या भांड्यात करायला गेलो की डावे आणि उजवे बरोब्बर अर्धेअर्धे निघतात. दोघं सारखेच ओढतात, उजेड जागचा हलत नाही."

"मग?"

"मला भांड्यात एकाच बाजूचे जास्त काढायचेत."

नाना म्हणाले, "शिकाऊ गोऱ्हा जाणत्या बैलाशेजारी जुंप. तो आपोआप आपली बाजू धरतो."

तोतारामानं टेबलावर थाप मारली. कारण त्याचा बेत अगदी तोच होता. पुदिन्याचा खडा हा जाणता बैल. त्याला एक साधा पदार्थ जुंपायचा, त्यातून दह्यातलं आंबट असतं ना, ते तयार करायचं, मग पुदिना सोडवून पूर्ण काढून टाकायचा, आणि उरलेल्या आंबटाचं पाणी माझ्या पोटात घालून बघायचं. जाणता बैल गेल्यावर गोऱ्ह्यानं बाजू धरून ठेवली आहे का? साहेबलोकांच्या देशात दोनचार जणांना ते थोडं थोडं जमलं होतं. तोतारामाला ते अमळनेरात, गिरणीचं काम सांभाळून, जास्त चांगलं जमवायचं होतं.

पहिले दोन निबंध त्याचे सहज छापून आले. एक गिरणीतल्या एरंडेलावर, १९३१ साली. दुसरा पुदिन्याच्या खड्यांवर, १९३३. विलायतेच्या मासिकात निबंध आला की लेखकाला त्याच्या पंचवीस सुट्या प्रती मिळतात. त्या त्यानं देशोदेशीच्या जाणकारांना टपालानं पाठवायच्या, अशी रीत. प्रतींवर पत्ते तोताराम लिहायचा, टपालात टाकायला आबा जायचा. तोतारामाच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, प्रत्येकी एक प्रत आपल्या पेटीत लुगड्यांखाली ठेवली. "वाचता येत नाही," त्या म्हणायच्या, "पण कागद गुळगुळीत आहे."

तिसरा निबंध मात्र येईना. गोऱ्हा काही बाजू धरीना. तेरा वेळा केलं. तेरा वेळा मी शून्य दाखवलं. एकदा थोडं डावीकडे दिसलं, तर तोताराम बाटली हुंगून म्हणाला, "पुदिना राहिलाय आत." परत धुतलं, परत शून्य. तो चिडला नाही. चिडणं बंद झालं होतं त्याचं. नुसता माझ्याजवळून उठायचा, वहीत ० लिहायचा, आणि जेवायला जायचा. सुगंधाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढायच्या, आणि तो खाऊन झाल्यावर विचारायचा, "आज भाजी काय होती?"

हे सगळं आबा बघत होता. आणि मित्रांनो, गंमत इथून सुरू होते.

१९३४ची खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पूजतात. गिरणीत बॉयलर पुजला, घाणे पुजले, साहेबांची सायकलसुद्धा पुजली. पूजा करायचा मान आबाचा. शेवटी तो हळद-कुंकू, झेंडू आणि खडीसाखर घेऊन माझ्या पडद्याआड आला. तोताराम सुट्टीवर यावलला गेला होता. चौदाव्या खेपेचं आंबट पाणी माझ्या शेजारीच, काचेची झाकणी घातलेल्या भांड्यात ठेवलं होतं. दसरा झाला की तो येऊन बघणार होता.

आबानं मला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग माझ्याकडे बघत उभा राहिला.

"बठ्ठी हत्यारं आज गोड खातस," तो मला म्हणाला, "तू एकलाच आंबट पेस. ले. दसरा शे."

आणि भांड्याची झाकणी उचलून खडीसाखरेची एक चिमूट त्यानं आत सोडली. झाकणी परत घातली. हात जोडले. उरलेली खडीसाखर तोंडात टाकून निघून गेला.

मी बघितलं. साखर विरघळली. मला काही वाटलं नाही.

दसरा संपल्यावर तोताराम आला. आधी नुसत्या पाण्याची नळी लावून शून्य बघितलं. शून्य बरोबर. मग आंबट पाणी भरलं, डोळा लावला आणि चकती फिरवायला लागला. फिरवतच राहिला. मग डोळा काढला, चष्मा पुसला, परत लावला.

सव्वा अंश उजवीकडे.

मित्रांनो, मी साखर ओळखली होती. बारा वर्षं जिच्यावर पोट भरलं ती मी ओळखणार नाही? पण मला जे विचारतात ते "किती?" असं विचारतात. "काय?" असं मला कधीच कुणी विचारलं नाही. किती, तर सव्वा अंश. मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

तोताराम काय म्हणाला ठाऊक आहे? तो हुशार माणूस, हुशारीनंच फसला. म्हणाला, "पुदिना डावीकडे ओढतो. हे उजवीकडे आहे. म्हणजे हा उरलेला पुदिना नव्हे! आबा, गोऱ्ह्यानं बाजू धरली! जाणत्याच्या उलटी धरली, पण धरली!" आणि तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. एवढ्या जोरात हसला की बाहेरची घाण्यावरची माणसं डोकावली.

आबानं ते हसू बघितलं. आणि मनाशी गाठ बांधली: तोफेला गोड आवडतं.

तोतारामानं शास्त्रानुसार प्रयोग परत केला. आबानं शास्त्रानुसार चिमूट परत टाकली. सव्वा अंश. आणखी एकदा केला. आणखी एक चिमूट. सव्वा अंश, केसभर इकडेतिकडे. आता तुम्ही म्हणाल, चिमूट दरवेळी एवढी सारखी कशी? अहो, तीस वर्षं तमाखूत चुना मळणारी बोटं ती! सोनाराचा काटा चुकेल, आबाची चिमूट चुकत नाही.

तिसरा निबंध १९३५मध्ये छापून आला आणि गाजावाजा झाला. असं उलट्या बाजूचं, एवढं जास्त, कुणालाच मिळालं नव्हतं. अमळनेरच्या लोकांना त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण सत्कार झाला. मलाही हार घातला. मग दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेतून पत्र आलं: आमची प्रयोगशाळा सांभाळायला या. दहा सहायक, तीन मोठ्या खोल्या, माझ्यासारखी चार यंत्रं. गिरणीच्या कोपऱ्यातल्या पडद्याआड आयुष्य काढणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? तोतारामानं होकार कळवला. सुगंधाबाईंनी पेट्या भरल्या. तिन्ही निबंध लुगड्यांखालून काढून सगळ्यात वर ठेवले.

निघायला पंधरा दिवस होते तेव्हा परदेशातून एक पाकीट आलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचं. तोतारामानं ते पडद्याआडच, माझ्या दिव्याच्या उजेडात वाचलं. मजकूर थोडा होता. आम्ही आपला प्रयोग अकरा वेळा केला, अकराही वेळा शून्य आलं. आमचं काय चुकतंय, कृपया कळवावं. आणि खाली एक ओळ: आपण पाठवलेल्या प्रतीच्या कोपऱ्यावर पिवळा आणि लाल डाग आहे, तो आपल्या पदार्थाचा आहे काय?

तोतारामानं आबाला हाक मारली.

"आबा, मी टपालात टाकायला दिलेल्या कागदांवर डाग कसला?"

"डाग?" आबाला रागच आला. "हळद शे, साहेब. कुकू भी शे. कागद परदेश जास, इतला दूर. कोरा कसा धाडू? लगीनपत्रिका कोरी धाडतस का?"

तोताराम हसला. पण हसू अर्ध्यावरच थांबलं. तो आबाच्या बोटांकडे बघायला लागला.

मग तो फळीजवळ गेला. छापून आलेल्या प्रत्येक प्रयोगाचा थोडा नमुना तो बाटलीत बूच लावून, मेण ओतून ठेवायचा. चौदाव्या खेपेची बाटली दीड वर्ष तिथे होती. मध्ये अमळनेरचा एक सबंध उन्हाळा तिनं खाल्ला होता. त्यानं मेण फोडलं, नळी भरली, माझ्या पोटात ठेवली.

मी आकडा दाखवला. सव्वा अंश नव्हता. उजवीकडेही नव्हतं. अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, डावीकडे.

बैलानं बाजू बदलली होती.

हे काय झालं ते सांगतो. उसाची साखर आंबट पाण्यात फार दिवस राहिली की फुटते. तिच्यातून दोन वेगळ्या साखरा निघतात, आणि त्या दोघी मिळून उजेडाला डावीकडे वळवतात. म्हणून साखरेचं आंबट पाणी आधी उजवीकडे असतं आणि पुढे डावीकडे जातं. हा प्रयोग कॉलेजात पहिल्या वर्षाला करून घेतात. तोतारामानं तो स्वतः केला होता, आणि त्याला त्यात चांगले गुण मिळाले होते.

त्यानं बोट भिजवलं आणि चाखलं. आंबट. आणि आंबटाच्या मागे, थोडंसं, गोड.

"आबा," तो म्हणाला, "साखर कोणी टाकली?"

आवाज चढला नव्हता. त्यामुळे आबाला वाटलं, साहेब कौतुकानंच विचारतात.

"मीच टाकी, साहेब! दसराले टाकी. तुम्ही हासनात, म्हनीन दुसऱ्या येळले भी टाकी. तिसऱ्या येळले भी. ना कमी ना जास्ती. मन्ही चिमूट चुकत नही."

"नाही," तोताराम म्हणाला. "चुकत नाही."

तो स्टुलावर बसला. आबा वाट बघत उभा राहिला. पिवळ्या उजेडात दोघांचे चेहरे सारखेच दिसत होते. मग हळूहळू आबाला कळलं. काय झालं ते नाही कळलं, पण काहीतरी मोठं झालं एवढं कळलं. त्याच्या हातातली तमाखू खाली सांडली.

"साहेब, काय व्हयनं?"

"तो निबंध खोटा आहे, आबा."

"साखर खोटी व्हती का? वाण्याना घरनी व्हती, चांगली व्हती."

"साखर खरी होती. तेवढीच खरी होती."

आबानं बाटलीकडे बघितलं. शहाणा माणूस तो, व्यवहारातलं शहाणपण त्याला भरपूर. आवाज खाली आणून म्हणाला, "ही बाटली मी गटारमां ओती देस. कोणले मालूम पडाव नही. तुम्ही जा नोकरीवर."

खरंच होतं ते. बाटली ही एकच साक्षीदार. आणि मी, पण मी तर किती एवढंच सांगतो. परदेशच्या म्हाताऱ्याला दोन ओळी लिहिल्या असत्या, "आपल्याकडची हवा थंड, म्हणून जमत नसेल," तर काम भागलं असतं.

तोताराम दुपारभर ती बाटली हातात धरून बसला. भोंगा झाला, पाळी बदलली, तरी बसूनच. शेवटी सुगंधाबाई डबा घेऊन स्वतः आल्या. पडदा सरकवून आत बघितलं. त्यानं त्यांना सगळं सांगितलं, एरंडेलाचा भाव सांगावा तसं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आबाकडे बघितलं. आबा भिंतीला लागून उकिडवा बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून, जसं काही ते हात चोरीचे होते.

"ओता, नाहीतर ठेवा," सुगंधाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पण आत्ता करा. पेट्या भरलेल्या आहेत. सोडायच्या असतील तर मला उजेडीच सोडू द्या."

तोतारामानं बाटलीला परत बूच लावलं. दिव्यावर मेण वितळवून ओतलं. बाटली फळीवर ठेवली. आणि कागद ओढून चार ओळी लिहिल्या: माझा तिसरा निबंध मी मागे घेत आहे. नमुन्यात उसाची साखर गेली होती. ती माझ्या निष्काळजीपणामुळे गेली. परदेशच्या प्राध्यापकांचा निकाल बरोबर आहे.

आबा म्हणाला, "मन्हं नाव लिखं का?"

"तुमचं कशाला? खोली माझी, भांडं माझं. झाकणीला कुलूप मी लावलं नाही."

सुगंधाबाई घरी गेल्या आणि पेट्या सोडल्या.

त्या चार ओळी छापून आल्या. संस्थेचं पत्र आलं, सभ्य भाषेत: तूर्त येण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी सत्कार केला होता ते रस्त्यात भेटले की सायकल दुसऱ्या बाजूनं घ्यायचे. तोताराम रोज गिरणीत यायचा, तेल तपासायचा, घरी जायचा. त्याला दुःख झालं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं दिसलं नाही. थंडीत हात बधिर झाला की चिमटा घेतला तरी कळत नाही ना, तसा तो सगळाच झाला होता. माझ्यावर धूळ बसली. आबा मला पुसायला यायचा बंद झाला. पडद्याजवळ येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. मी आणि तोताराम दोन वर्षं सारखेच होतो. पितळ.

मग १९३८च्या खंडेनवमीला आबा आला. हातात एकच झेंडू. तो माझ्यावर ठेवल्या ठेवल्या त्यानं हात पाठीमागे नेले. तोताराम टेबलाशी बसून ते बघत होता. तो उठला, आबानं कागदात बांधून बाहेर ठेवलेली खडीसाखर त्यानं उचलली, आणि आबाच्या तळहातावर ठेवली.

"यंत्राला नको. तुम्ही खा."

आबानं खाल्ली. खाताना रडला. तोताराम नाही रडला. तो मला पुसायला बसला.

काम परत सुरू झालं. यावेळी नियम कडक. आंबट पाणी तयार होत असताना आबानं दारात उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर. हा नियम तोतारामाचा नव्हे, आबानं स्वतःच घातला.

"अहो आबा, खाली घ्या हात, माणसं बघतात."

"बघू द्या. मन्हा हातवर मन्हाच भरोसा नही."

घाण्यावरची माणसं विचारायची, आबा, चोरी केली का? आबा म्हणायचा, "नही भो, पुण्य करं व्हतं. तेन्हीच सजा शे."

दुसरा नियम पुदिन्याचा. पुदिना कणभरही राहिला तर डावीकडे ओढणार. तोतारामाचं नाक एव्हाना तेलाच्या वासानं मेलेलं. म्हणून तो बाटली घरी नेऊन सुगंधाबाईंना हुंगायला द्यायचा. त्या चुलीपासून लांब जाऊन, पदरानं हात पुसून, डोळे मिटून वास घ्यायच्या.

"आहे अजून."

तो परत धुवायचा. परत आणायचा.

"आहे. वाटाण्याएवढा नाही, मोहरीएवढा आहे."

परत. एकदा तर नऊ वेळा. नवव्या वेळी त्या म्हणाल्या, "आता नुसतं ताकाच्या गाडग्यासारखं येतंय. न्या."

आणि तिसरा नियम, सगळ्यात आधीचा: दरवेळी रिकामी, धुतलेली नळी लावून बघायची. मग पाण्याची. मग कामाची. आणि कामाची बाटली महिन्यानं परत बघायची, बाजू बदलते का ते.

एका सकाळी मी दाखवलं: अंशाचा दहावा हिस्सा, डावीकडे. एवढंसं. मुंगीनं मान वळवावी एवढं. जाणता बैल डावा, गोऱ्हाही डावाच. तोतारामानं बावीस वेळा केलं. बावीस वेळा तेवढंच. महिन्यानं बघितलं, तेवढंच. सहा महिन्यांनी, तेवढंच.

तो हसला नाही. वहीत आकडा लिहिला आणि आबाला म्हणाला, "हात खाली घ्या. झालं."

तोवर लढाई सुरू झाली होती. विलायतेचं टपाल रखडायला लागलं. मी जर्मन म्हणून गिरणीत एकानं विचारलंही, हा हेर तर नाही? आबा म्हणाला, "हेर ऱ्हाता तर बोलता ना!" निबंध इथल्याच एका मासिकात छापून आला. पान-दीड पान. साहेबलोकांना जेवढं आधीच मिळालं होतं त्याहून कमीच. कुणी सत्कार केला नाही. कुठून पत्र आलं नाही.

निबंधाच्या शेवटी तोतारामानं आभार लिहून पाठवले होते, ते संपादकांनी काढून टाकले. शास्त्रीय निबंधात असं चालत नाही म्हणाले. म्हणून पंचवीस प्रती आल्या तेव्हा तो टेबलाशी बसला आणि पंचवीसही प्रतींवर, शेवटच्या ओळीखाली, शाईनं लिहिलं. मग आबाला वाचून दाखवलं: "सौ. सुगंधाबाई यांनी वास घेतला आणि श्री. चुडामण यांनी नमुन्याला हात लावला नाही, त्याबद्दल दोघांचा ऋणी आहे."

आबा डोकं खाजवत राहिला.

"काहीच करं नही, म्हनीन नाव? आसं व्हतं ते आधीच सांगतात ना, साहेब!"

आणि तेव्हा तोताराम हसला. तसाच, बाहेरची माणसं डोकावतील असा.

आबानं प्रती गोळा केल्या. दारापर्यंत गेला, परत आला.

"आते लावू का हळद-कुकू?"

"लावा," तोताराम म्हणाला. "कागदाला लावा."

मित्रांनो, तेव्हा माझ्या चकतीवर काही हललं का, असं मला कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी किती एवढंच सांगितलं असतं. अगदी थोडं.

१९४३ साली आबा गेला. तोतारामाचे डोळे अधू झाले, त्याला माझ्या रेघा दिसेनात. १९४७च्या पावसाळ्यानंतर तो सुगंधाबाईंना घेऊन यावलला, केळीत राहायला गेला. जाताना त्यानं मला गोणपाटात गुंडाळलं, त्याच गोणपाटात, आणि कपाटात ठेवलं. शेजारी मेण लावलेली ती बाटली. नवीन केमिस्ट येऊन गेला. त्यानं कपाट उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी अडकवून ठेवली.

असू दे. खुंटीचा मला अनुभव आहे.

पण कधी तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी लागलोच, तर एक विनंती. आधी टोपी काढा. भिंग मऊ फडक्यानं पुसा. दिव्यात मीठ टाका. शेजारची बाटली तेवढी ओतू नका. तिच्यात चांगल्या माणसाची एक चिमूट आहे, ती डावीकडेच राहू द्या. आणि मला काही विचारायच्या आधी, कितीही घाई असली, कितीही हसू येत असलं, तरी पहिल्यांदा रिकामी नळी लावून बघा.